अंड्याची ॲलर्जी नेमकी कुणाला?

गरिबाच्या पोराच्या ताटात अंडं पडणार म्हटलं की दोन आवाज उठतात. पहिला, भावना दुखावल्याचा, आपल्या ओळखीचा आहे. दुसरा शास्त्राचा सदरा घालून येतो: "लहान मुलांना अंड्याची ॲलर्जी होते, उगाच धोका कशाला?" आज आम्हाला या दुसऱ्याशी बोलायचं आहे.

2000 साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं असंच सांगितलं होतं. ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळाला 2 वर्षांपर्यंत अंडं नको, 3 वर्षांपर्यंत शेंगदाणा नको. 2008 मध्ये त्यांनीच कबूल केलं की याला पुरावा नाही. त्याच वर्षी दिसून आलं, की ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांच्या सुमारे 10 पट आहे. इस्रायलची बाळं वर्षाची व्हायच्या आतच शेंगदाण्याचे कुरकुरे चघळतात. मग लंडनमध्ये 640 बाळांवर चाचणी झाली, 2015 मध्ये निकाल आला. ज्यांना आधी कसलीही प्रतिक्रिया नव्हती, त्यांच्यात शेंगदाणा टाळणाऱ्यांपैकी 13.7 टक्क्यांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांपैकी 1.9 टक्क्यांना. तोंडावाटे आलेलं अन्न आपलं मानायला शरीर लवकर शिकतं, एवढाच त्याचा अर्थ.

या शिकवणीत आतड्यातले जिवाणूही असतात. आईच्या दुधावर ते वाढतात आणि वरचं अन्न सुरू झालं की बदलत, पिकत जातात. उपाशी पोराचे जिवाणू वयाच्या मानानं कच्चे राहतात. ढाक्याच्या मीरपूर वस्तीत अशा कुपोषित मुलांना हरभरा, सोयाबीन, शेंगदाणा आणि कच्च्या केळ्याचं मिश्रण दिलं. नेहमीच्या पोषक आहारापेक्षा त्यात उष्मांक कमी, तरी वजन जास्त चांगलं वाढलं. आपल्या आयांना यातलं काही परकं वाटेल का?

सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, हे आम्हालाही मान्य आहे. त्यानंतर अंडं नीट शिजवून, शेंगदाणा बारीक कुटून पातळ करून द्यायचा. अंगावर जबर खरूज-इसब असलेल्या बाळाला आधी डॉक्टरांना दाखवायचं. एवढी काळजी पुरते.

आता महाराष्ट्राकडे या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत इथली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं खुजी निघाली. नोव्हेंबर 2023 मध्ये सरकारनं शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडं आणलं. न खाणाऱ्याला केळं होतंच, म्हणजे जबरदस्ती कुणावर नव्हती. जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी काढून घेतला. हवं असेल तर लोकवर्गणी काढा म्हणे! मजुराच्या वस्तीतली शाळा वर्गणी कुणाकडे मागणार? ॲलर्जीचं कारण तर कुणी दिलंही नाही. ही विटाळाची जुनीच खोड आहे, आणि ती पोराच्या आतड्यात नाही, ठरवणाऱ्यांच्या डोक्यात आहे.

शाळेत येईस्तोवर ती पहिली दोन-तीन वर्षं तर निघूनही गेलेली असतात. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून 7 महिन्यांच्या बाळापासून आठवड्याला 4 वेळा अंडं किंवा केळं मिळतं. तेच राज्यातल्या प्रत्येक अंगणवाडीत द्या, सरकारी पैशानं. ही आमची मागणी आहे.