शोकाचे दरपत्रक

अंत्यसंस्कार-व्यावसायिक शोकग्रस्तांना 'आधार' देण्याची भाषा करतात, तेव्हा आम्ही आधी दरपत्रक मागतो. एव्हलिन वॉ यांनी 'द लव्हड वन' (१९४८) या कादंबरीत कॅलिफोर्नियातील शृंगारलेल्या मृत्यूची टर उडवली. जेसिका मिटफर्ड यांनी 'द अमेरिकन वे ऑफ डेथ'मध्ये (१९६३) त्याचा हिशेबच मांडला. प्रेतात रसायने भरून, ते रंगवून आप्तांना दाखवणे, यालाच तो धंदा शोकोपचार म्हणवत होता. अखेर १९८४ पासून अमेरिकेत कलमवार दर देणे बंधनकारक झाले. सांत्वनाचे शब्द विक्रीला लागले की ते तपासणे हे समीक्षेचेच काम ठरते. शोकाकुल माणसाला 'हे नको' म्हणू देणारा तो रुक्ष कागद आम्हाला साऱ्या मधाळ वाणीहून अधिक सहृदय वाटतो.