क्रीडाशिक्षकाच्या घामाचा हिशेब

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि शारीरिक शिक्षणाच्या पदवीचे वर्ग मोबाइलच्या पडद्यावर गेले. गोळाफेकीचा पवित्रा आणि खो-खोतील सूर पडद्यावरून शिकविण्याची ती कसरत होती! भावी क्रीडाशिक्षकांची हालचाल किती घटली, याच्या पाहण्या पुढे अनेक देशांत झाल्या.

या पाहण्यांत वापरली जाणारी आंतरराष्ट्रीय प्रश्नावली आठवड्यातील मिनिटे मोजते. तिच्या विस्तृत रूपात व्यायामाबरोबर कामावरचे श्रम, घरकाम आणि पायपीटही धरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल सुचविली. आता नांदगाव तालुक्याकडे पाहावे. मार्च-एप्रिल म्हणजे उन्हाळ कांदा काढणीचे दिवस. वसतिगृह बंद झाल्याने गावी परतलेला शेतकऱ्याचा मुलगा दिवसभर वाफ्यात वाकला, तर आठवड्याची ३०० मिनिटे एका दिवसात भरतात. कागदावर तो तंदुरुस्त; मनमाडच्या एका खोलीत अडकलेली त्याची सहाध्यायी मात्र आळशी! श्रम आणि व्यायाम यांतील अंतर त्या मुलाच्या कमरेला विचारावे.

शिवाय दोघांचेही खरे नुकसान या मोजणीत येतच नाही. मागे राहणाऱ्या मुलीला डावात कसे ओढावे, भांडण पेटण्याआधी शिट्टी केव्हा वाजवावी, हे मुलांच्या घोळक्यात घेतलेल्या सराव पाठांतूनच उमगते. शाळाच बंद होत्या. जून २०२० पासून मोकळ्या जागेत एकट्याने व्यायाम करण्यास मुभा मिळाली, सामूहिक खेळांना नाही. साथीत ते योग्यच होते. प्रश्न आहे तो नंतरचा. बुडालेले पाठ भरून देण्याची जबाबदारी कोणाची?

ती टाळणे शासनाला सोपे जाते, कारण क्रीडाशिक्षकाला मुळातच उपरा मानलेले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, तेही शंभरावर मुले असतील तरच, आरोग्य व शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक सांगितला आहे. ज्याच्या नोकरीचीच शाश्वती नाही, त्याच्या सरावाची फिकीर कोण करणार?

नांदगाव-मनमाडच्या कार्यकर्त्यांनी शाळाशाळांतून दोन गोष्टी विचाराव्यात: पूर्णवेळ क्रीडाशिक्षक आहे काय आणि मैदान आहे काय. ती यादी घेऊन पंचायत समितीत जावे. साथीच्या वर्षांत पदवी घेतलेल्यांसाठी शासनाच्या खर्चाने मैदानावरील सराववर्ग, आणि त्यांच्यासाठी पूर्णवेळ पदे, ही मागणी त्याच अर्जात असावी.