साध्या डब्याची बाजू

दिवाळी जवळ आली की घरोघरी फिरायला जायचे बेत सुरू होतात. कुठे जायचे हे लवकर ठरते; वाद होतो तो कशाने जायचे यावर. विमान, वातानुकूलित गाडी, स्वतःची मोटार, सगळ्यांची नावे निघतात. रेल्वेच्या साध्या स्लीपर डब्याचे नाव काढले की मुले चमकून पाहतात. "अहो, या वयात?"

माझे मत विचाराल तर, काम असेल तर विमानाने जावे, प्रकृती नाजूक असेल तर वातानुकूलित डब्याने जावे. पण देश पाहायला निघाला असाल तर प्रवासाचा एक तरी टप्पा दिवसाउजेडी, उघड्या खिडकीच्या डब्यातून करावा.

गोव्याचेच उदाहरण घ्या. विमानाने मुंबईहून गोवा तासा-सव्वा तासावर. दिसतात ते ढग. तेच सकाळच्या मांडवी एक्सप्रेसने निघा. सगळा दिवस जातो खरा, पण बोगदे, खाड्या, भातखाचरे आणि रत्नागिरीजवळचा तो ६४ मीटर उंचीचा पानवल पूल, सारे डोळ्यांदेखत सरकत जाते. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली त्याआधी हे दृश्य कुणाला दिसतच नव्हते. आणि समोरच्या बाकावर जे कुटुंब बसते ते दोन स्टेशनांत आपली सगळी हकिगत सांगून डबा उघडते. सीलबंद काचेच्या गाडीत शेजारी कानात बोंडे घालून बसतो.

गैरसोयी नाहीत असे मी म्हणत नाही. गर्दी असते, मे महिन्यात डबा भट्टीसारखा तापतो, स्वच्छतागृहाबद्दल न बोललेलेच बरे. म्हणून थंडीचे दिवस निवडावेत. आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते, ती तारीख लक्षात ठेवावी. खालचा बर्थ आवर्जून मागावा. स्टेशनापासून पुढे गावापर्यंत आपली एसटी आहेच.

पण मला खरे सांगायचे आहे ते वेगळेच. ज्यांच्या तक्रारीची दखल घेतली जाते, ती शिकलीसवरलेली माणसे हळूहळू साध्या डब्यातून उतरून गेली. डब्यात पाणी नसले तर आता पत्र कोण लिहिणार? ज्येष्ठांना रेल्वेभाड्यात पुरुषांना ४० आणि स्त्रियांना ५० टक्के सवलत होती. मार्च २०२० मध्ये ती बंद झाली आणि साथ ओसरल्यावरही परत आली नाही. आपल्यापैकी किती जणांनी त्याबद्दल आवाज उठवला? उलट २०२२ पासून एसटीने पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात मोफत प्रवास दिला. म्हणजे मनात आणले तर करता येते.

मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. तोवर दुसऱ्या वर्गाचे बर्थ म्हणजे नुसत्या लाकडी फळ्या. पूर्वी भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने त्या फळ्यांवर दोन इंच फोम घालायचा निर्णय घेतला. आज साध्या डब्यातला गरिबातला गरीब प्रवासीही मऊ बर्थवर पाठ टेकतो ती त्यामुळे. वरच्या वर्गाला आणखी सुख देणारे पुष्कळ झाले. खालच्या वर्गाची पाठ कशावर टेकते हे पाहणारे थोडे.

नव्या वेगवान गाड्या जरूर याव्यात, माझा त्यांना विरोध नाही. मात्र त्यांच्यासाठी साधे डबे कमी होता कामा नयेत. सुरतेला किंवा पुण्याला मजुरीला जाणाऱ्या माणसाला विमान की रेल्वे असा प्रश्न पडतच नाही. त्याच्यापुढे पर्याय एकच असतो.

तेव्हा मंडळी, या दिवाळीत परतीचे विमान खुशाल काढा, पण जाताना मुलानातवंडांना घेऊन स्लीपरने जा. डब्यात जे खटकेल ते रेल्वेला लेखी कळवा. आणि हो, सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी जरा जास्तच घ्या, समोरच्यांना द्यावी लागते.