मार्चअखेरच्या टेबलावरून

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी,
अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, नवी दिल्ली

महोदय,

मी शास्त्रज्ञ नाही. तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित महाविद्यालयात सव्वीस वर्षं हिशेब लिहितोय. प्राध्यापकांच्या संशोधन प्रकल्पांची कोटेशनं, व्हाउचरं, डेडस्टॉकच्या नोंदी आणि शेवटी ते उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आमच्या भाषेत यूसी, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. अनुदानाचं बारसं आणि बारावं दोन्ही मी पाहतो, म्हणून लिहायचं धाडस करतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंना गवतांच्या बियांवर तीन वर्षांचा प्रकल्प मिळाला. बिया धरतात पावसाळा सरताना. पहिला हप्ता आला जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, आणि 31 मार्चला उरलेले पैसे परत जाणार. दोन महिन्यांत बाई करणार काय? पुढच्या वर्षी लागणारा इनक्युबेटर त्यांनी आत्ताच मागवला. तो 29 मार्चला संध्याकाळी टेम्पोतून उतरला. त्याला लागणारा स्टॅबिलायझर खर्चाच्या वेगळ्या हेडखाली बसत होता आणि त्या हेडचे पैसे अजून यायचे होते. यंत्र दहा महिने पुठ्ठ्याच्या खोक्यात, जिन्याखाली. माझी यूसी मात्र पैशापैशाला जुळली. ऑडिटरनं एक शेरा मारला नाही. नोकरीतली माझी सगळ्यात स्वच्छ यूसी तीच.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही, दुखणं पद्धतीत आहे म्हणून सांगतोय. सरकारी कारभारात व्यवस्थापनशास्त्र आणायचं, हा विचार जिथून निघाला तिथे त्याचा सौदा निराळा होता. ब्रिटनमध्ये थॅचरबाईंच्या काळात तो जोरात आला, 1991 साली क्रिस्टोफर हूड यांनी त्याचं ‘न्यू पब्लिक मॅनेजमेंट’ हे नाव रूढ केलं. सौदा असा, की खालच्या माणसाला खर्चाची मोकळीक द्यायची, पावलोपावली परवानगी मागायला लावायची नाही, आणि त्या बदल्यात शेवटी निकालाचा जाब विचारायचा. 1986 पासून तिथल्या विद्यापीठांच्या संशोधनाला दर्जाचे गुण मिळू लागले आणि पैसा त्या गुणांमागे जाऊ लागला. 2014 च्या मूल्यमापनात समाजावरच्या परिणामाला 20 टक्के वजन होतं, 2021 मध्ये ते 25 टक्के झालं. त्यावर तिथले प्राध्यापकही भरपूर वैतागलेले असतात, ते सोडा. आपण त्या सौद्यातला जाब तेवढा उचलला. मोकळीक बंदरावरच राहिली. जुना कोषागारी अविश्वास जिथल्या तिथे आहे आणि त्याच्या डोक्यावर गुणांचा तक्ता बसला आहे.

त्या तक्त्यानं काय होतं, तेही माझ्या फायलींत आहे. 2010 साली यूजीसीनं प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआय गुण आणले, त्यात शोधनिबंधांचेही. त्याआधी माझ्याकडे शोधनिबंध छापण्याच्या फीची पावती क्वचित यायची. नंतर एकेका फायलीत चार-चार पावत्या, कधीही न ऐकलेल्या ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिकांच्या. पैसे भरले सोमवारी, निबंध छापून आला शुक्रवारी. माणसं लबाड नव्हती हो, घरचे हप्ते होते आणि गुण कमी पडत होते. पुढे यूजीसीलाच चांगल्या नियतकालिकांची यादी करावी लागली आणि 2025 मध्ये तीही गुंडाळावी लागली.

आता तुमच्याकडे वळतो. 2023 च्या कायद्यानं तुमची संस्था उभी राहिली. पाच वर्षांत 50,000 कोटींची भाषा झाली, त्यातले सुमारे 36,000 कोटी सरकारबाहेरून यायचे. विद्यापीठांना मोठ्या संस्थांशी जोडायची तुमची ‘पेअर’ योजना मला मनापासून आवडली. पण त्यात ‘हब’, म्हणजे जोडून घेणारी मोठी संस्था कोण, हे केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीवरून ठरलं. क्रमवारीत आधीच्या निधीचं आणि शोधनिबंधांचं वजन असतं. ज्याच्या ताटात आहे, त्यालाच वाढपी आधी दिसतो.

जून 2025 मध्ये केंद्रानं वैज्ञानिक खरेदीचे नियम सैल केले, थेट खरेदीची मर्यादा 1 लाखावरून 2 लाखांवर नेली. ज्यांना ती सवलत मिळाली त्यांचा किती जीव वाचला असेल, हे तीन कोटेशनं आणि तुलनात्मक तक्ता करणाऱ्यालाच कळेल. म्हणजे ठरवलं तर होतं.

तर मागणं इतकंच. प्रकल्प तीन वर्षांचा असेल तर पैसाही तीन वर्षांचा असू द्या, उरलेली रक्कम 31 मार्च ओलांडून पुढे जाऊ द्या. हेडमधला वीस-पंचवीस टक्क्यांचा फेरबदल संशोधकाच्या एका सहीवर होऊ द्या. आणि यूसीच्या जीएफआर 12-अ नमुन्यासोबत एक कोरा कागद जोडा. त्यावर बाई लिहितील काय जमलं, काय फसलं आणि का. त्या कागदाला गुण देऊ नका. बियांचं काम जाणणाऱ्या कुणाकडून फक्त वाचून घ्या. रकमेच्या जुळणीचं मी बघतो, त्याचाच पगार घेतो.

आपला,
एक हिशेबनीस

ता.क. इनक्युबेटर सध्या उत्तम चालू आहे. वॉरंटी वर्षाची होती, त्यातले दहा महिने खोक्यात गेले.