माती तपासता, मग सूनबाईचे रक्त का नाही?



ऊस लावण्याआधी आपण माती तपासून घेतो, बेण्याला औषध लावतो, तोडणीआधी ब्रिक्स बघतो. पण सूनबाई गरोदर राहिली तर तिचा रक्तगट किती घरांत माहीत असतो? हा प्रश्न आपल्या पत्रिकेत विचारलाच पाहिजे, असे आम्हाला वाटते.

आपल्या देशात शंभरांत साधारण पाच जणांचे रक्त आर.एच. निगेटिव्ह असते. हा रोग नव्हे, खोटही नव्हे. पण अशा बाईचा नवरा पॉझिटिव्ह असेल तर पोटातले बाळही पॉझिटिव्ह असू शकते. बाळंतपणात किंवा गर्भ पडताना बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते. आईचे शरीर ते परके समजून त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. पहिले लेकरू बहुधा सुखरूप राहते. पुढच्या खेपेला हीच प्रतिद्रव्ये वारेतून बाळापर्यंत जातात आणि त्याच्या लाल पेशी फोडतात. बाळाला जबर कावीळ होते, अंगावर सूज येते, कधी ते पोटातच दगावते.

मग गावात बोलणी सुरू होतात. ‘पहिलं बरं झालं, नंतरची टिकत नाहीत, तिच्या कुशीतच काही आहे.’ नवस होतात, अंगारे होतात, कोणी दुसऱ्या लग्नाची गोष्ट काढतो. हे दुखणे अडवणारे अँटी-डी इंजेक्शन १९६८ पासून वापरात आहे. तरीही त्याचा बोल बाईच्या माथी यावा, ही आपल्याला शरमेची गोष्ट आहे.

हे इंजेक्शन २८ आठवड्यांच्या सुमारास एकदा आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा द्यायचे असते. गर्भ पडला तरी डॉक्टरांना त्याबद्दल विचारावे. तिथेच बहुतेकांची चूक होते. प्रतिद्रव्ये एकदा तयार झाली की मात्र या इंजेक्शनाचा उपयोग नाही. मग मोठ्या दवाखान्यातली देखरेख हाच मार्ग उरतो.

आता ७२ तास म्हणजे तीनच दिवस. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने ब्रह्मपुरी तालुक्यातील गावे वेढली होती. अशा वेळी इंजेक्शन शोधत कुठे फिरणार? म्हणून गट आधी कळला पाहिजे आणि दिवस भरण्याआधीच सोय लागली पाहिजे. तोडणीच्या टोळीतील बायांना तर हे अधिकच लागू आहे. टोळी आज या शिवारात, उद्या त्या शिवारात. तिच्या बाळंतपणाची तारीख कोण लक्षात ठेवतो?

सिकलसेलच्या तपासणीला आपल्या भागातील माणसे सरावली आहेत. त्याच वेळी रक्तगटही बघता येईल. संचालक मंडळाने गळीत हंगामापूर्वी गटवार शिबिरे घ्यावीत आणि त्यांत टोळीतील बायांनाही धरावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

सभासदांनी आपल्यापुरते एवढे करावे. पहिल्याच तपासणीत सुनेचा गट बघावा, तो कार्डावर लिहून घ्यावा, निगेटिव्ह निघाल्यास मुलाचाही बघावा. गटावरून कोणी सोयरीक मोडू नये. त्याची काही गरज नाही. उसाची नोंद आपण चुकू देत नाही. घरातल्या लेकीसुनेची नोंदही चुकू नये, एवढेच सांगणे.