नोट खर्चावी, नंबर ठेवावा

आमच्या वर्गात सध्या नोटांचे नंबर बघण्याचे वेड आले आहे. सुरुवात माझ्यापासून झाली, हे खरे. पण आता काही मुले नोटाच लपवून ठेवतात. ते मला पटत नाही. का ते सांगते.

आईने मला चहाची पुडी आणायला दहाची नोट दिली. वाटेत बघितले तर नंबर २७४४७२! डावीकडून वाचा की उजवीकडून, तोच. मला इतका आनंद झाला की मी नोट कंपासपेटीत ठेवली आणि घरी सांगितले, नोट पडली. आई रागावली नाही. बॅटरी घेऊन दुकानापर्यंतची सगळी वाट वाकून वाकून शोधत गेली. मला ते बघवेना. मी पळत जाऊन नोट दिली. मग मार बसला तो वेगळा.

नोट दुकानात गेली, पण नंबर माझ्या वहीत राहिलाच की! सहा अंकांत पहिले तीन कसेही असोत, पुढचे तीन त्यांचेच उलटे पाहिजेत. म्हणून हजार नोटांत अशी एखादीच निघते. शिवाय अशा नंबराला ११ ने पूर्ण भाग जातो. करून बघा.

आणि साध्या नंबरातही गंमत असते. त्याच नोटेचे शेवटचे चार अंक घ्या, ४४७२. त्यांची मोठ्यात मोठी संख्या ७४४२, लहानात लहान २४४७. वजा केले की ४९९५. त्याचे परत तसेच करायचे. सहाव्या वजाबाकीला ६१७४ येते. चारही अंक सारखे नसले, तर कुठल्याही नोटेचे जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ च होते. (तीनच अंक उरले तर आधी शून्य लिहायचे. मी ते विसरले म्हणून दोनदा चुकले.) देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर गुरुजी यांनी १९४९ साली हे शोधले. त्याला नोट जपून ठेवावी लागत नाही, पाटी-पेन्सिल पुरते.

एक मित्र म्हणतो, वहीत कोणीही काहीही लिहील, खरे कशावरून? बरोबर आहे. पण खोटा नंबर लिहून मी फसवणार कोणाला? मलाच ना!

७८६ ची नोट काही जण श्रद्धेने जपतात, त्यांच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण पुढे जास्त पैसे येतील म्हणून घरातली नोट दडवायची, आणि इकडे आईने उधारी करायची, हे बरे नव्हे.

मोठ्या माणसांनाही एक सांगायचे आहे. नोटेवर पेनाने हिशेब करू नका. रिझर्व्ह बँकही तसेच सांगते. नंबरावर शाई पडली की ३ का ८ तेच कळत नाही.

हल्ली पुष्कळ जण मोबाईलनेच पैसे देतात, त्यामुळे मला नोटा कमी बघायला मिळतात. तरी आज आलेल्या पालकांनी खिशातली नोट जरा दाखवावी. नंबर उतरवून लगेच परत देईन.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी