बरोबरी म्हणजे टाइमपास नव्हे!

दिवाळीत पिंपळनेरला घरी सांगितलं, क्लबच्या स्पर्धेत माझा डाव बरोबरीत सुटला. काका म्हणाले, "मग चार तास गोट्या खेळला का रे भो?"

अहो काका, एक प्यादं कमी होतं! समोरचाही माझ्याच तोडीचा. फिलिडोरचा बचाव लावला: हत्ती माझ्या बाजूने तिसऱ्या रांगेत. त्याचं प्यादं तिथे येताच हत्ती थेट पलीकडच्या टोकाला आणि मागून शहावर शह. ही कमाई नाही?

२०२५च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरच्या दिव्या देशमुखने हम्पीविरुद्ध दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सोडवले, म्हणून तर जलद डावात जिंकायची संधी उरली.

सर्व्हर पडू न देणाऱ्याला अप्रेझलमध्ये शून्य मिळतो, तोही याच समजुतीने. अर्धा गुण कमवावा लागतो, राव!